पक्की तारीख

"अजून एक ग्लास," आक्का म्हणाल्या.

"आता मावत नाही, आक्का."

"मावतं. बाईच्या पोटात काय वाटेल ते मावतं."

बार्शीत डॉक्टर मंत्रीबाईंच्या दवाखान्यात आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो. मधे मी, उजव्या हाताला माझ्या सासूबाई माई, आणि डाव्या हाताला माईंच्या थोरल्या नणंद आक्का. तेव्हा सोनोग्राफी पोटावरूनच करायचे आणि त्यासाठी लघवी तुडुंब भरलेली लागायची. म्हणजे ज्या बाईचा जीव आधीच टांगणीला लागलाय, तिला वर पाणी पाजून बाकावर बसवायचं आणि हलू नको म्हणायचं. विज्ञान पुढे गेलं होतं, पण बाईला बसवून ठेवण्याची पद्धत जुनीच होती.

समोरच्या भिंतीवर पाटी होती, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' आक्कांनी ती मोठ्यानं वाचली आणि नर्सला जवळ बोलावून विचारलं, "आत गेल्यावर हळूच सांगतात ना?"

"आक्का, अहो मुलगा-मुलगी बघायला नाही आलो," मी म्हटलं. "सकाळी अंगावरून गेलं म्हणून आलोय."

"आलोच आहोत तर विचारायला काय जातंय?"

सकाळी खरंच थोडंसं लाल गेलं होतं. मी माईंना न्हाणीघराच्या दाराशी कानात सांगितलं, आणि पाच मिनिटांत ती बातमी आक्कांकडे पोचली. आक्कांच्या कानाला रेंज फार.

या आक्का आमच्या नव्या बंगल्याच्या श्रावणातल्या वास्तुशांतीला म्हणून आषाढातच कुर्डुवाडीहून आल्या होत्या. येताना एक पिशवी होती. वास्तुशांत झाली, गणपती झाले, गौरी जेवून गेल्या, पितरं येऊन बसली, तरी आक्का होत्याच. घरात सोवळं-ओवळं किती पाळायचं ते त्या ठरवत. माई एरवी कुणाला न घाबरणारी बाई. नवरा गेल्यावर विजेच्या सामानाचं दुकान एकटीनं चालवून मुलाच्या हातात दिलेली. पण आक्का समोर आल्या की माईंचा पदर आपोआप दोन्ही खांद्यांवरून येई.

"शैला उपळेकर!" नर्सनं हाक मारली. मी उठले. दोघीही उठल्या.

आत अंधार होता. मंत्रीबाईंनी पोटावर थंडगार काहीतरी ओतलं आणि त्यावरून यंत्राचा दांडा फिरवायला लागल्या. दाबल्यावर काय होत होतं ते भरल्या घरात सांगण्यासारखं नाही.

"शेवटची पाळी कधी आली?" त्यांनी मला विचारलं.

"गुरुपौर्णिमेला," आक्का म्हणाल्या.

"मी यांना विचारलं."

"तेच. गुरुपौर्णिमेलाच. पुरणाचा घाट घातलेला आणि ही बाजूला बसलेली. सगळं एकट्या इंदूनं केलं. हो की नाही गं इंदू?"

"हो," माई म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"म्हणजे दहावा संपून अकरावा आठवडा." बाई पडद्याजवळ वाकल्या. दांडा थोडा तिरका केला, पुन्हा सरळ केला. माझं सगळं लक्ष त्यांच्या भुवयांकडे होतं, कारण पडद्यावरचं मला काही कळत नव्हतं. करड्या धुरात एक काळा ठिपका, साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याएवढा. बस्स.

"पिशवी दिसतेय," बाई म्हणाल्या. "आत काही दिसत नाही."

"काही म्हणजे?" मी विचारलं.

"या तारखेला बाळ दिसायला हवं, हृदयाचे ठोके दिसायला हवेत. पिशवी रिकामी आहे. शिवाय अंगावरून जातंय." त्यांनी दांडा उचलला. "तारीख पक्की आहे ना? तारीख महिनाभरानं चुकली असेल तर गोष्ट निराळी. पाचव्या आठवड्यात पिशवी अशीच दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मग आपण दहा-बारा दिवस थांबून पुन्हा बघू. पण तारीख पक्की असेल, तर हा गर्भ धरलेलाच नाही. थांबून काही हाताला लागणार नाही."

"पक्की म्हणजे काय, दगडावरची रेघ," आक्का म्हणाल्या. "आणि दहा-बारा दिवस थांबायचं कसं? परवा घट बसतायत. घरात देवी बसलेली आणि ही तिकडे अंगावर जातेय, असं चालायचं नाही. काय साफ करायचं ते उद्या करून टाका बाई. म्हणजे घट बसायच्या आत मोकळी होईल."

मोकळी. जणू माझ्या पोटात देवीला जागा हवी होती.

मंत्रीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणणार? मला तारीख ठाऊक होती. माझी तारीख मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? गुरुपौर्णिमेनंतर माझी पाळी एकदा येऊन गेली होती. आणि ती कुठल्या दिवशी आली ते या खोलीत आक्कांसमोर सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं मांडवाला काडी लावणं होतं. मी म्हटलं, "आधी मला बाथरूमला जाऊ द्या." इतिहासात माझं हे धाडस नोंदलं जावं.

झालं होतं असं.

बंगला बांधून झाला तेव्हा वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजींनी पंचांग बघून काढला आणि आक्कांनी माझ्या पाळीची तारीख बघून नाकारला. दुसरा काढला, तोही नाकारला. तिसरा दिवस मिळेचना. मामंजी गेलेले, म्हणून होमाला मी आणि माझा नवरा मुकुंद असं जोडप्यानंच बसायचं होतं. माझ्यावाचून होम नाही, आणि मी कधी बाहेरची होईन याचा भरवसा नाही. शेवटी आक्कांनी तोडगा काढला. औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आल्या. अग्नी, वरुण, वास्तुपुरुष यांच्या सोयीसाठी मी त्या सकाळ-संध्याकाळ गिळत होते. गोळीमागे गोळी, उलटीमागे उलटी. शेवटच्या दोन दिवसांत एक गोळी पोटात टिकेना, म्हणून मी उरलेल्या मोरीत टाकल्या. आता दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, काय होतंय, असं म्हटलं.

जे व्हायचं ते वास्तुशांतीच्या दिवशी पहाटे झालं.

मी न्हाणीघरात बसून रडले. बाहेर मांडव, गुरुजी, जेवणावळीला अख्खी गल्ली बोलावलेली, आचाऱ्याचा बुंदीचा घाणा सुरू झालेला. मुकुंदला खूण करून आत बोलावलं आणि सांगितलं. मुकुंद धीराचा माणूस. संकट आलं की तो दुकानात जाऊन धीर धरतो. त्या दिवशी दुकान बंद होतं, म्हणून त्याची फार पंचाईत झाली.

"आक्कांना कळलं तर?" तो म्हणाला.

"मी काय करू ते सांग."

"तू... बस. काही बोलू नकोस. देव क्षमा करतो."

"आणि आक्का?"

"म्हणून तर म्हणतो बोलू नकोस."

मी नेसायला माहेरची पांढरी, पिवळ्या काठाची साडी काढून ठेवली होती. तेवढ्यात माई आत आल्या. हातात त्यांचा जुना गडद मरून शालू होता. "ती पांढरी नको," म्हणाल्या. "ही नेस. होमाचं तूप उडतं."

मी मनात देवाचे आभार मानले. म्हटलं, देवा, तुझी काय ही योजना! सासूला नेमकी आजच तुपाच्या डागांची काळजी वाटावी! शालू नेसले, पाटावर बसले, आहुत्या दिल्या. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून कुणाला काही कळलं नाही. घराला काही झालं नाही, अग्नीलाही नाही. चारही दिवस मी घरभर वावरले, देवाला फुलं वाहिली, आणि आक्का शेजारणींना सांगत राहिल्या, "काय तेज आलंय पोरीच्या तोंडावर. सोवळ्यात बसल्याचं फळ."

गोष्ट इथं संपायची. पण आक्कांचं गणित पक्कं. गौरी जेवायच्या दिवशी, पंगत बसायच्या आधी, चार बायकांत त्यांनी विषय काढला. "इंदू, गोळ्या बंद होऊन किती दिवस झाले, सुनेची अडचण कशी आली नाही गं?"

माझ्या हातातली पुरणपोळी ताटाबाहेर पडली. आणि माई, शांतपणे वरणावर तूप वाढत, म्हणाल्या, "दिवस गेलेत तिला."

झालं! बायकांनी मला घेरलं. कुणी कानशिलावर बोटं मोडली, कुणी चिंचा आणून देते म्हणाली. नाही म्हणायचं, तर पाळी कधी आली ते सांगायला हवं. रात्री मुकुंदला म्हटलं, "अरे, मला काही नाहीये!" तर तो म्हणाला, "मग आता काय करायचं?" आणि तेवढ्यात उत्तर आम्हा दोघांनाही सुचलं, असं समजा. पुढच्या महिन्यात पाळी खरीच चुकली, तपासणी केली तर खरंच दिवस गेलेले. जाहीर आधी झालं, गर्भ नंतर राहिला. बार्शीत असा पराक्रम दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

आणि मी हसत होते हो. त्या काही दिवसांत मी मनातल्या मनात खूप हसले. पोटावर हात ठेवून म्हणायचे, काय रे बाबा, तुझा जन्म होण्याआधीच तुझं नाव झालं. किती हौसेनं मी त्याची वाट बघायला लागले होते ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी लाल दिसलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा विनोद नाही, माझं मूल आहे.

दवाखान्यातून आम्ही रिक्षानं परत आलो. आक्का वाटभर बोलत होत्या. उद्या साफ केलं की परवा डोक्यावरून पाणी घेता येईल, मग घटाच्या खोलीत नाही आली तरी स्वयंपाकघरापर्यंत यायला हरकत नाही. माई बाहेर बघत होत्या. एरवी रिक्षावाल्याशी भाव करणाऱ्या माई त्याला न बोलता पैसे देऊन उतरल्या.

संध्याकाळी मी मुकुंदला गाठलं.

"अरे, तो रिकामा नाहीये. तो लहान आहे. पाचवाच आठवडा आहे. त्या म्हणाल्या, पाचव्यात असंच दिसतं."

मुकुंदनं बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. "मग सांगून टाक."

"तू सांग. तुझी आत्या आहे."

"हे बायकांचं आहे, शैला. मी कसं सांगू?"

"बायकांचं? होमाला माझ्या शेजारी कोण बसलं होतं, शेजारचा सोपान?"

"आक्का पुन्हा वास्तुशांत करायला लावतील. गल्लीत सांगतील. आईचं तोंड बघ जरा, तिला किती लागेल..." मग तो खाली बघत म्हणाला, "आणि नसेलच धरला तर? अंगावर जातंयच ना? उगाच सगळं उघडं पाडून शेवटी..."

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच मला त्याचा राग आला. खरंच, धरला नसेल तर? मंत्रीबाईंनी शब्द कुठं दिला होता? मी आक्कांसमोर स्वतःची अब्रू उघडी करायची, घर बाटवायचं, आणि दहा दिवसांनी पिशवी रिकामीच निघायची. तेव्हा आक्का म्हणणार, विटाळात बसलीस ना होमाला, घे. ते वाक्य मला आजही ऐकू येतं, न बोललेलं असूनही.

मुकुंद दुकानात गेला. धीर धरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मी पुन्हा त्याच बाकावर बसले. उजवीकडे माई, डावीकडे आक्का. फरक इतकाच की आज कुणी पाणी पी म्हणत नव्हतं. आक्कांच्या हातात जपमाळ होती. माईंच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात भूल उतरल्यावर मला द्यायचा शिरा. माझ्या मुलाला खरवडून काढल्यावर खायचा शिरा! तो डबा बघून माझं डोकं भणभणलं. माई त्याचं झाकण काढत होत्या, परत लावत होत्या. मला वाटलं, झाकण सैल झालंय.

आत बोलावलं. मंत्रीबाई हातमोजे शोधत होत्या. म्हणाल्या, "भीती वाटतेय का? भूल देणार आहोत, काही कळणार नाही."

"बाई," मी म्हटलं, "तारीख चुकलीय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"गुरुपौर्णिमेनंतर पाळी एकदा येऊन गेली."

"कधी?" हे मंत्रीबाईंनी नाही, आक्कांनी विचारलं. जपमाळ थांबली होती.

आता सांगायचं. एक शब्द. मी आक्कांच्या कपाळाकडे बघत राहिले.

"वास्तुशांतीच्या दिवशी," उत्तर आलं. आवाज माझा नव्हता. माईंचा होता.

"पहाटे," माई म्हणाल्या. डबा त्यांनी मंत्रीबाईंच्या टेबलावर ठेवला. "होमाच्या आधी. मला ठाऊक होतं. मीच तिला पाटावर बसवली."

आक्कांचं तोंड उघडं राहिलं. माझंही. आम्हा दोघींचं एकाच वेळी एकाच गोष्टीवर एकमत होण्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

"इंदू! विटाळशी बाई होमाला बसवलीस? आणि गौरीच्या दिवशी मला सांगितलंस दिवस गेले म्हणून?"

"तुम्ही चारचौघींत विचारलंत, वन्सं. काय सांगणार होते?"

"देवासमोर खोटं?"

"देवासमोर नाही. तुमच्यासमोर."

मंत्रीबाईंनी हातमोजे खाली ठेवले. त्या कोरड्या स्वभावाच्या, पण त्या दिवशी त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. "उपळेकर, तुमच्या घरी तारखा नक्की किती जणी ठेवतात? एक सरकारी आणि एक खरी, असं आहे का?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाळी नेहमीसारखी आली होती? चार दिवस?"

"चार."

"गोळ्या घेतल्या होत्या?"

"पाळी लांबवायच्या. मधेच सोडल्या."

"हे काल सांगायचं असतं!" त्या ओरडल्याच. "कसली साफसफाई? घरी जा. झोपून राहा. बारा दिवसांनी या, तेव्हा बघू. मी आशा दाखवत नाही, अंगावरून जातंय, काहीही होऊ शकतं. पण आज मी हात लावणार नाही."

"आणि घट?" आक्का म्हणाल्या. "घर बाटलंय! आधी वास्तुशांत पुन्हा करायला हवी. बाटलेल्या घरात घट बसवणार तुम्ही?"

माईंनी पदर सावरला. या वेळी दोन्ही खांद्यांवरून नाही, एकाच खांद्यावरून, कामाला लागल्यासारखा. "वास्तुशांत दुसऱ्यांदा करता येते, वन्सं," त्या म्हणाल्या. "हे दुसऱ्यांदा करता येत नाही."

मला तेव्हा रडू फुटलं. भूल न देताच.

आक्का दुपारच्या एसटीनं कुर्डुवाडीला गेल्या. बाटलेल्या घरात आता पाणीसुद्धा घेणार नाही म्हणाल्या. बाटलेल्या घरचे बेसनाचे लाडू मात्र पिशवीत गेले, कारण ते तुपातले होते आणि तुपातलं बाटत नाही. शास्त्र आहे.

मी पलंगावर पडून होते. माई शिऱ्याचा तोच डबा घेऊन आल्या आणि माझ्यापुढं उघडून बसल्या. शिरा गार झाला होता. मी खाल्ला.

"तुम्हाला कळलं कधी?" मी विचारलं.

"तू पहाटे तीनदा कपाट उघडलंस आणि पदराखाली काहीतरी लपवून न्हाणीघरात गेलीस. मी काय दुधखुळी आहे?"

"म्हणून शालू."

"पांढऱ्यावर दिसलं असतं."

त्या चादरीची सुरकुती मोडत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला मी पांढरंच नेसले होते. माझं मलाच कळलं नव्हतं. पूजा अर्ध्यावर आलेली. वन्संनी पाहिलं. भर मांडवात दंडाला धरून उठवलं आणि ओरडून सांगितलं का उठवलं ते. पुरुषमाणसं, गुरुजी, माझे वडील, सगळे बसलेले. त्यानंतर वडील उपळेकरांकडे जेवले नाहीत." मग थांबून म्हणाल्या, "त्या वेळी मला वाटलं होतं, धरणीनं पोटात घ्यावं."

इतकी वर्षं मी माईंच्या त्या दोन्ही खांद्यांवरच्या पदराची मनातल्या मनात नक्कल करत आले होते.

"मग काल का नाही बोललात?" मी विचारलं. "त्या पाचवा आठवडा म्हणाल्या तेव्हा?"

"तोंडापर्यंत आलं होतं." माईंचे डोळे भरले. "आलं आणि परत गेलं. वन्सं समोर असल्या की माझं अजून तसंच होतं गं. वाटलं, तू बोलशील. तू बोललीस की मी आहेच."

"आणि मी बोलले नसते तर?"

हा प्रश्न मी विचारला नाही. जिभेच्या टोकाशी होता. पण समोर बसलेली बाई अजून चादरीची तीच सुरकुती मोडत होती, आणि शिरा मी निम्मा खाल्ला होता. प्रश्न गिळला. त्याचं उत्तर माईंनाही ठाऊक नसावं, असं मला वाटतं.

घट बसले. माईंनी एकटीनं बसवले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज आरतीनंतर थेट माझ्या खोलीत येऊन माझ्या कपाळाला अंगारा लावत राहिल्या. मी शिवण्यासारखी आहे की नाही, हा प्रश्न त्या नवरात्रात आमच्या घरात कुणाला पडला नाही. अंगावरून जाणं तिसऱ्या दिवशी थांबलं. मुकुंद दुकानातून दर तासाला फोन करून "काही आहे का?" असं विचारायचा, जणू माल येणार होता.

दसरा झाल्यावर पुन्हा तोच बाक, पुन्हा पाणी. या वेळी पाणी माईंनी पाजलं, आणि "मावत नाही" म्हटल्यावर "बरं, राहू दे" म्हणाल्या.

मंत्रीबाईंनी दांडा फिरवला. मी त्यांच्या भुवयांकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघितलं. काळा ठिपका मोठा झाला होता आणि त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलं होतं. त्या दाण्यात कुकरची शिट्टी होण्याआधी थरथरते तशी एक थरथर होती, न थांबणारी.

"ते काय थरथरतंय?" माईंनी विचारलं.

"काळीज," मंत्रीबाई म्हणाल्या. "बरोबर वाढतंय. तारखेबरहुकूम. खऱ्या तारखेबरहुकूम."

माईंनी तिथंच, त्या अंधाऱ्या खोलीत, यंत्राला हात जोडले. मी हसले आणि त्यामुळे पडद्यावरचं सगळं हललं. बाई रागावल्या.

वास्तुशांत आम्ही पुन्हा केली नाही. घर अजून उभं आहे. पावसात गळतं, पण त्याला प्लंबर जबाबदार आहे, वास्तुपुरुष नाही. आक्का रेवतीच्या बारशाला आल्या होत्या. पाळण्यात बघून म्हणाल्या, "मुलगी होय?" आणि पुढे लगेच, "नाक उपळेकरांचं आहे." त्यांच्या भाषेत ही माफी होती असं मुकुंद म्हणतो. मुकुंद अजूनही धीराचाच आहे.

रेवतीनं यंदा पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आली तेव्हा माईंनी तिला खोलीत बोलावून कपाटातून मरून शालू काढून दिला. आता माई ऐंशीच्या पुढच्या, पण तो शालू कुठल्या घडीत आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता येतं.

"आजी, मी पांढरी पैठणी घेतलीय गं," रेवती म्हणाली. "आणि हा रंग मला नाही आवडत."

"आवडायला नाही दिला. बरोबर असू दे."

"पण कशाला?"

"तुझ्या सासूबाईंची नणंद येणार आहे ना?"

"सोलापूरच्या आत्याबाई? येणारेत. त्यांचं काय?"

माईंनी शालूची घडी तिच्या पिशवीत सरळ करून ठेवली आणि पिशवीचे बंद बांधले. "काही नाही गं," म्हणाल्या. "होमाचं तूप उडतं."

रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, "ने. आजी सांगतेय तर ने."